चुन्याची डबी

लोकेंद्र, चावी नंतर.
आधी खाली उतर आणि एक चक्कर मार.
घाई नाही.
म्हणजे, आहे.
देवास नाक्याकडून टिपर निघालेत,
डांबर एकशे चाळीसवर वाफाळतंय,
पहाटे पाचच्या आत पट्टी मोकळी करून द्यायची आहे.
तरी एक चक्कर.

तू हिंदीत "हां भिया" म्हणतोस,
मी मराठीत बोलत राहतो.
इंदुरात एवढं चालतं.

दहा टनांचं धूड आहे हे.
याला ब्रेक आहे, आरसे आहेत,
मागं जाताना कोकलणारा भोंगा आहे.
भोंग्याच्या भरवशावर राहू नकोस.
रात्रभर तोच आवाज ऐकणाऱ्यांना
तो ऐकू येईनासा होतो,
आपलं आपल्याला घोरणं ऐकू येत नाही तसा.

कडेला दोन हात सोड.
माळव्याची काळी माती
वरून मुरूम टाकला की शहाण्यासारखी दिसते.
दिसते फक्त.
राऊजवळ बद्रीलालनं तिच्यावर विश्वास ठेवला
आणि रोलर कुशीवर गेला.
पट्टा बांधलेला होता,
म्हणून बद्रीलाल अजून लग्नांत नाचतो,
जरासा लंगडत.
घाबरून उडी मारावीशी वाटते रे,
पण उडी मारणारा त्याच बाजूला पडतो
जिकडे मशीन पडायला निघालेली असते.

ताज्या डांबरावर उभा राहू नकोस, खळगा पडतो.
थांबायच्या आधी थरथर बंद.
ड्रमवर पाणी चालू ठेव. डिझेल फासायचं नाही,
इंजिनियर जेवायला गेला तरी नाही.
आणि टिपरवाला हौदा उचलेल तेव्हा
एकदा वर बघ,
तारा कुठून गेल्यात ते त्याला माहीत नसतं.

ऑफिसच्या फॉर्मवर सतरा रकाने आहेत.
साहेब गाडीत काच लावून
सतराही रकान्यांत बरोबरच्या खुणा करतात.
चक्कर हा त्यातला दुसरा.

मी सगळ्या पोरांना सांगतो,
पहिल्या दिवसापासून हा नियम पाळला म्हणून.
खोटं आहे ते.

बायपासचं काम होतं. वैशाख.
दुपारी जेवून मी सरळ वर चढलो,
चावी लावली, फिरवायची राहिली होती.
खिसा चाचपला तर चुन्याची डबी नाही.
शिव्या घालत उतरलो,
मागच्या चाकाशी शोधायला वाकलो.
सगळी गिट्टी तव्यासारखी तापलेली,
गार एवढीच वीतभर सावली,
आणि तिथं थावरीची पोर झोपलेली.
झाबुव्याहून आलेली थावरी, टोपल्या वाहायची.
पोर वर्षाची असेल, फार तर दीड.
गालावर खडीचे ठसे.
एक पाय चाकाला टेकवलेला,
घरातल्या भिंतीला टेकवावा तसा.

उचलून तिच्या आईकडे नेऊन दिली.
थावरी हसली.
तिला वाटलं, भिया खेळवतोय.
मी काही बोललो नाही.
काय बोलणार होतो?
रोलरवर परत बसलो तेव्हा
गुडघे असे हलत होते
की इंजिन चालू झालंय असं वाटलं.

डबी नंतर जेवणाच्या पिशवीतच सापडली.

नियमानं नाही, तलफेनं उतरवलं मला.
तंबाखू कधीच सुटली.
चक्कर तेव्हापासून लागली, ती सुटेना.
घरासमोर स्कूटर काढतानासुद्धा
मी तिच्याभोवती फिरतो, बायको हसते.

लोकेंद्र उतरला.
बॅटरीचा उजेड ड्रमखाली गेला, चाकांमागे गेला,
मग मशीनच्या पलीकडे दिसेनासा झाला.
सराफ्यातून गराडू खाऊन परतणारी एक गाडी
आमचा शंकू पाडून, गाणी वाजवत निघून गेली.
तो शंकू उभा करून आला.
"कुछ नहीं है, भिया."

वाकून पाहिलंस?

"..."

मग परत जा.

गेला. कुरकुरत गेला, पण गुडघ्यावर बसून पाहिलं,
इथून मला त्याची पाठ दिसली.
"कुछ नहीं है."

बरं.
आता चावी.